टाच टेकवत नाही, पोटऱ्या भरून येतात…

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न उभ्याने काम करणाऱ्यांचे आहेत: दुकान, शाळा, स्वयंपाकघर, गेट, वॉर्ड. ‘पाय दुखतात’ एवढ्या दोन शब्दांवर इलाज सांगता येत नाही. नेमकं कुठे दुखतं आणि दिवसाच्या कोणत्या वेळी दुखतं, हे ज्यांनी कळवलं त्यांचेच प्रश्न आधी घेतले आहेत.

प्रश्न : साड्यांच्या दुकानात सेल्सला आहे. सकाळी दहा ते रात्री नऊ उभीच असते, गिऱ्हाईक नसलं तरी बसलेलं चालत नाही. संध्याकाळी पोटऱ्या दगडासारख्या होतात, घोटे सुजतात, चपलेच्या पट्ट्याचे वळ उठतात. सकाळी सगळं उतरलेलं असतं. वय ३४.
– एक वाचक, दादर

उत्तर : सकाळी सूज उतरते आणि ती दोन्ही पायांना सारखी असते, ही चांगली खूण आहे. पायातलं रक्त वर ढकलायचं काम पोटरीचे स्नायू करतात, पण ते आवळले-सुटले तरच. चालताना ते आपोआप होतं. काउंटरमागे एका जागी उभं राहिलं की पोटरी थांबते, शिरांमध्ये रक्त साचतं आणि त्यातलं पाणी घोट्याभोवती झिरपतं. म्हणून दिवसभर फिरणाऱ्या पोस्टमनपेक्षा चार फुटांत उभं राहणाऱ्याचे पाय जास्त भरून येतात.

तेव्हा बसता येत नसेल तर निदान हलत राहा. दर अर्ध्या तासाने काउंटरला हात टेकून टाचा २० वेळा सावकाश उचला आणि खाली ठेवा. साडीची घडी घालता घालताही हे होतं, कुणाच्या लक्षातही येत नाही. काउंटरखाली १० ते १५ सेंटिमीटर उंचीचा पाट किंवा लाकडी ठोकळा ठेवा आणि आलटून पालटून एकेक पाय त्यावर ठेवा. कंबरेलाही त्याने आराम पडतो. दुकानात अनवाणी उभं राहावं लागत असेल तर मऊ तळव्याची, फक्त दुकानात वापरायची वेगळी चप्पल ठेवू देतात का, ते विचारा.

दाबाचे मोजे उपयोगी पडतात, पण ते बरोबर घेतले तरच. गुडघ्यापर्यंतचे, पाऱ्याच्या १५ ते २० मिलिमीटर दाबाचे पुरतात. माप सकाळीच घ्यायचं, सूज यायच्या आत: घोट्यावरचा सर्वांत बारीक घेर आणि पोटरीचा सर्वांत जाड घेर. मोजे अंथरुणातून उठल्या उठल्या चढवायचे. सूज आल्यावर घातले तर नुसते रुततात. लांब पडतात म्हणून वरची कड दुमडण्याची चूक पुष्कळजणी करतात. त्या दुमडीचा करकचून पट्टा होतो आणि खालची सूज उलट वाढते. इलॅस्टिक सैल पडतं, त्यामुळे साधारण सहा महिन्यांनी जोड बदला. मधुमेह असेल, किंवा थोडं चाललं की पोटरीत कळ येऊन थांबावं लागत असेल, तर डॉक्टरांना पायाची नाडी तपासायला लावल्याशिवाय हे मोजे घालू नका.

रात्री घरी गेल्यावर भिंतीला पाय लावून १५-२० मिनिटं पडा. पाय छातीपेक्षा वर हवेत, नुसते स्टुलावर ठेवून भागत नाही. ब्लडप्रेशरची गोळी चालू असेल तर तिचं नाव बघा. अम्लोडिपिनने काहीजणांचे घोटे सुजतात. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, डॉक्टर बदलून देऊ शकतात. एकाच पायाची पोटरी अचानक सुजली, दुखायला लागली, गरम लागली तर मात्र शिरेत गुठळी असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा, आणि ती पोटरी चोळू नका.

राहिला बसण्याचा मुद्दा. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांच्या कायद्यात बदल करून कामगारांना बसायची सोय देणं बंधनकारक केलं. केरळात त्यामागे कोळिकोडच्या कापडदुकानांत काम करणाऱ्या बायकांचा लढा होता. मालकाशी बोलायची वेळ आली तर हे सांगा, आणि दोघी-तिघी मिळून बोला. गिऱ्हाईक नसताना टेकायला ६०-६५ सेंटिमीटर उंचीचं एक स्टूल, एवढीच मागणी असू द्या. उंच स्टुलावर टेकलेली बाई उभी असल्यासारखीच दिसते, त्यामुळे हे मालकांना चटकन पटतं.

प्रश्न : शिक्षिका आहे. सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टाकवत नाही, टाचेत खिळा घुसल्यासारखं होतं. दहा-बारा पावलांनंतर बरं वाटतं, शाळा सुटेपर्यंत पुन्हा दुखायला लागतं. एक्स-रेत टाचेचं हाड वाढलंय. ऑपरेशन करावं लागेल असं एकजण म्हणाले.
– एक वाचक, सातारा

उत्तर : आधी त्या वाढलेल्या हाडाची भीती काढून टाका. एक्स-रेत तसा काटा असलेल्या कितीतरी लोकांची टाच कधीच दुखत नाही, आणि टाच दुखणाऱ्या अनेकांना काटा नसतो. दुखतोय तो टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत गेलेला जाड पडदा, प्लांटर फॅशिया. टाचेच्या आतल्या बाजूला, थोडं पुढे अंगठा दाबून बघा. तिथेच कळ आली तर निदान जवळजवळ पक्कं. झोपेत पाऊल खाली झुकलेलं असतं आणि पडदा आखडतो. पहिल्या पावलाला तो एकदम ताणला जातो, म्हणून सकाळची ती कळ.

मुख्य औषध म्हणजे ताण देणं, आणि ते जमिनीवर पाय ठेवण्याआधी करायचं. पलंगाच्या कडेला बसा, दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्या. हाताने पाचही बोटं नडगीकडे ओढा. दुसऱ्या हाताने तळव्याला हात लावून बघा, मधली शीर तारेसारखी ताठ लागली पाहिजे. लागत नसेल तर ओढ कमी पडतेय. दहा अंक मोजा, सोडा, असं दहा वेळा. दिवसातून तीनदा, आणि शाळेत बराच वेळ बसून उठण्याआधी एकदा. झटके द्यायचे नाहीत. याच्या जोडीला भिंतीला हात टेकून पोटरीचा ताण: दुखरा पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली, ३० सेकंद, तीन वेळा. टाच उचलली गेली की सगळं वाया.

दोन आठवड्यांनी कळ थोडी कमी झाली की पडद्याला ताकद द्यायची. पायरीच्या कडेवर उभ्या राहा, कठड्याला धरा, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा म्हणजे बोटं वर वळलेली राहतील. टाच तीन सेकंदांत वर, दोन सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली. १२ वेळा, एक दिवसाआड. सुरुवातीला दोन्ही पायांवर, जमायला लागलं की एकाच पायावर. हा व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळची कळ वाढली तर मात्र वेळा कमी करा.

पाण्याची अर्ध्या लिटरची प्लॅस्टिक बाटली पाऊण भरून फ्रीझरमध्ये ठेवा (काठोकाठ भरली तर फुगून फुटते) आणि संध्याकाळी मोजा घालून ती तळव्याखाली ५-१० मिनिटं फिरवा. टाचेखाली सिलिकॉनची वाटी घालायची तर दोन्ही बुटांत घाला. एकाच बुटात घातली तर एक पाय उंच होतो आणि कंबर धरते.

सगळं करूनही गुण येत नाही, त्याचं कारण बहुधा घरातच असतं. शाळेत बूट आणि घरी गुळगुळीत फरशीवर अनवाणी. सकाळी बाथरूमपर्यंतचीही पावलं चप्पल घालूनच टाका, पलंगाशेजारीच ठेवा. दुसरं, बरं वाटलं की आठ दिवसांत व्यायाम सुटतो. सहा ते आठ आठवड्यांत फरक जाणवतो, पूर्ण थांबायला कित्येकांना सहा महिने, वर्षही लागतं. ऑपरेशनची पाळी फार थोड्यांवर येते. टाचेत स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं तर काही आठवडे बरं वाटतं, पण वारंवार घेतल्यास टाचेखालची चरबीची गादी झिजते आणि पडदा फाटण्याचा धोका असतो. दुसरं-तिसरं इंजेक्शन सुचवलं तर दोनदा विचार करा.

टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दाबल्यावर कळ येत असेल, किंवा झोपूनही ठणका राहत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. तरुण माणसाच्या दोन्ही टाचा दुखतात आणि सकाळी कंबर अर्धा तास आखडलेली असते, तर ते संधिवाताचं लक्षण असू शकतं. ही दोन्ही दुखणी वेगळी, डॉक्टरांकडे जाऊन तपासा.

प्रश्न : पोळीभाजी केंद्र आहे. सकाळी पाच तास ओट्यापाशी उभं राहून पोळ्या लाटते. तळपायांची आग होते, शिवाय खांदे आणि कंबर. उंची पाच फूट. चपला महागातल्या घेतल्या तरी तेच.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, चपलेआधी ओट्याला टेप लावा. कोपर काटकोनात वाकवून उभ्या राहा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा. पाच फुटांच्या बाईचं हे माप साधारण ९५ सेंटिमीटर येतं. चिरण्याचं काम कोपराच्या १०-१५ सेंटिमीटर खाली व्हावं, कणीक मळणं आणि लाटणं यांत वजन टाकावं लागतं म्हणून १५-२० सेंटिमीटर खाली, म्हणजे तुमच्यासाठी ७५ ते ८०. ओटे साधारण ८१ ते ८६ सेंटिमीटरचे बांधतात, वर पोळपाटाची उंची. म्हणजे तुम्ही जवळजवळ दहा सेंटिमीटर उंचावर लाटताय. खांदे उचलले जातात, नकळत चवड्यांवर भार येतो, आणि आग तिथेच होत असणार.

ओटा फोडायची गरज नाही. ८-१० सेंटिमीटर उंचीचा, भक्कम पायांचा लाकडी पाटा करून घ्या. चार फूट लांब आणि दोन फूट रुंद तरी हवा, लहान असला की एक दिवस मागे पाऊल टाकून पडाल. त्यावर १२ ते २० मिलिमीटर जाडीची रबराची चटई. फार मऊ फोम नको, पाय त्यात रुततो आणि तोल सावरण्यातच पोटऱ्या थकतात. अंगठ्याने दाबल्यावर थोडी दबून लगेच वर आली पाहिजे. जिममध्ये तुकडे जोडून अंथरतात ती चटई चालते. खालून घसरत नाही ना ते बघा, कारण तेल आणि पीठ एकत्र सांडलं की फरशी निसरडी होते.

आणखी एक. ओट्याखाली पावलं जायला जागा नसेल तर तुम्ही एक वीत मागे उभ्या राहून वाकता. खालच्या कपाटाचं दार उघडा आणि एक पाय आत, विटेवर ठेवा. कंबरेचा वाक लगेच कमी होतो. दर ५० पोळ्यांनी पाय बदला.

प्रश्न : सिक्युरिटी गार्ड आहे, रोज १२ तास. आठ वर्षं शुगर आहे. रात्री तळपाय जळजळतात, मुंग्या येतात. एजन्सीने दिलेला बूट घट्ट आहे, करंगळीवर कुरूप झालंय. कुरुपाची पट्टी लावू का? गरम पाण्यात पाय बुडवले तर बरं वाटतं.
– एक वाचक, पिंपरी

उत्तर : दादा, पट्टी लावू नका. गरम पाणीही आजपासून बंद. कुरुपाच्या पट्टीत सॅलिसिलिक आम्ल असतं, ते कुरूप आणि चांगली कातडी यांत भेद करत नाही. शुगरने पायाची जाणीव बोथट झालेली असेल तर पोळलेलं कळतही नाही आणि जखम होऊन बसते. ब्लेडने कापणं तर नाहीच.

जळजळ आणि मुंग्या या उभं राहण्याने नव्हे, शुगरने नसांवर झालेल्या परिणामाने असण्याची शक्यता जास्त. डॉक्टरांकडे तीन गोष्टी मागा: १० ग्रॅमच्या नायलॉन धाग्याने तळव्याची जाणीव तपासणं, पायाची नाडी, आणि मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेत असाल तर बी-१२ ची रक्ततपासणी, कारण त्या गोळीने बी-१२ कमी होऊ शकतं. तोवर रोज रात्री आरशात तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघा. बूट घालण्याआधी उलटा करून झटका, आत हात फिरवा. मोजे सुती, पांढरे किंवा फिके घ्या, म्हणजे रक्त आलेलं दिसतं. घट्ट बूट ‘वापरून सैल होईल’ म्हणून चालवू नका. एजन्सीकडून बदलून घ्या, नाहीतर स्वतःचा काळा रुंद बूट चालेल का, ते सुपरवायझरला विचारा. नवा बूट पहिल्या दिवशी एक-दोन तासच. कुठेही फोड, जखम, लाली किंवा पाणी दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता दवाखान्यात जा.

प्रश्न : नर्स आहे. चवड्याखाली दुखतं, तिसऱ्या-चौथ्या बोटात झिणझिण्या. बूट काढून चोळलं की बरं वाटतं. मेडिकलमधून जेलची गादी आणली, पण त्याने जास्तच दुखतं.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : गादी चुकीच्या जागी बसली असणार. ती दुखऱ्या जागेखाली ठेवायची नसते, त्याच्या मागे, म्हणजे टाचेच्या बाजूला ठेवायची, म्हणजे चवड्याची हाडं उचलली जाऊन मधली नस मोकळी होते. दुखऱ्या जागेवर लिपस्टिकने ठिपका काढा, बुटात पाऊल टाका, आत ठिपका उमटेल. गादीची पुढची कड त्या ठिपक्याच्या जरा मागे चिकटवा. आणि पुढे निमुळते बूट घालणं सोडा, त्याशिवाय ही नस सुटत नाही.

प्रश्न : एकच बूट घ्यायचा आहे, बजेट बेताचं. दुकानात काय बघायचं?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : संध्याकाळी जा, पाय दिवसभराने फुगलेले असतात. कामावर घालता तेच मोजे घालून जा आणि दोन्ही पाय मोजा, मोठ्या पायाचं माप घ्या. उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे एक सेंटिमीटर जागा हवी. हे बोट अंगठाच असेल असं नाही. मग बूट हातात घ्या. टाचेमागची भिंत अंगठ्याने दाबा, ती पिचायला नको. पुढचा भाग वर वाकवा, बोटांच्या सांध्यापाशी वाकावा. मधोमध वाकत असेल तर ठेवून द्या. कपडे पिळतात तसा पिळून बघा, सहज पिळला गेला तर दिवसभर उभं राहायला तो उपयोगाचा नाही. टाच दोन-तीन सेंटिमीटर चालते, सपाट सोल आणि उंच टाच दोन्ही टाळा. लेस असलेला घ्या, सूज येईल तसा सैल करता येतो. आतली गादी सुटी निघत असेल तर उत्तम. ती दबून चपटी झाली की नुसती गादी बदलायची, बूट तोच राहतो. पैसे देण्याआधी विचारा, दोन दिवसांत बदलून मिळेल का? मिळणार असेल तर ते दोन दिवस बूट घरातच, स्वच्छ फरशीवर, तासभर उभं राहून बघा.