कॅनडाचा स्टडी परमिट : फाइलीत काय लावायचं, काय नाही

कॅनडातल्या कॉलेजचं ऑफर लेटर हातात पडलं की घरात कागदांची शोधाशोध सुरू होते. या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं त्याबद्दलचीच आहेत. पत्रांमध्ये ‘एसडीएस’चा (स्टुडंट डायरेक्ट स्ट्रीम) उल्लेख अजून येतो, म्हणून आधीच सांगून ठेवतो. तो जलद मार्ग ८ नोव्हेंबर २०२४ रोजी बंद झाला. आता भारतातून जाणारे सगळे अर्ज नेहमीच्याच मार्गाने जातात, आणि जुन्या व्हिडिओंमधल्या कागदांच्या याद्या डोळे झाकून वापरू नयेत.

मुलाला ओंटॅरिओतल्या कॉलेजात दोन वर्षांच्या डिप्लोमाला प्रवेश मिळाला आहे. एजंटने चाळीस कागदांची यादी दिली. खरंच एवढे लागतात का? — एक पालक, सातारा

नाही. ज्यांच्यावाचून अर्ज उभाच राहत नाही असे कागद चार: पासपोर्ट, कॉलेजचं लेटर ऑफ अॅक्सेप्टन्स, प्रांताचं अटेस्टेशन लेटर आणि पैशांचा पुरावा. त्यांच्यासोबत अर्जाचा फॉर्म, कुटुंबाच्या माहितीचा फॉर्म आणि सहा महिन्यांच्या आत काढलेला फोटो. फी १५० कॅनेडियन डॉलर आणि बायोमेट्रिक्सचे ८५.

अटेस्टेशन लेटर, म्हणजे सगळे ज्याला ‘पाल’ म्हणतात ते, जानेवारी २०२४ पासून आलं. विद्यार्थ्याने ते प्रांताकडे स्वतः मागायचं नसतं. ऑफर स्वीकारून डिपॉझिट भरलं की कॉलेज ते प्रांताकडून घेतं आणि विद्यार्थ्याला पाठवतं. ते लागत असूनही जोडलं नसेल तर अर्ज तपासणीला न जाताच परत येतो. त्यावर मुदतीची तारीख असेल तर ती ओलांडण्याआधी अर्ज गेला पाहिजे. सरकारी विद्यापीठात मास्टर्स किंवा पीएचडीला जाणाऱ्यांना १ जानेवारी २०२६ पासून पाल लागत नाही. खासगी संस्थेत मास्टर्स करणाऱ्यांना मात्र ही सूट नाही. क्वेबेकला जाणाऱ्यांनी आधी तिथल्या सरकारचं ‘सीएक्यू’ प्रमाणपत्र काढायचं. पालचं काम तेच करतं.

अॅक्सेप्टन्स लेटरवर संस्थेचा डीएलआय क्रमांक, म्हणजे परदेशी विद्यार्थी घ्यायला मान्यता असलेल्या संस्थेचा क्रमांक, असतो. त्याची सुरुवात इंग्रजी ‘ओ’ अक्षराने होते, शून्याने नव्हे. फॉर्म भरताना ही गल्लत नेहमी होते. डिसेंबर २०२३ पासून कॅनडाचं इमिग्रेशन खातं, म्हणजे आयआरसीसी, प्रत्येक लेटर थेट संस्थेकडून पडताळून घेतं. बनावट लेटरवर आलेल्या भारतीय विद्यार्थ्यांचं प्रकरण त्याच वर्षी गाजलं होतं. तेव्हा फीची मुदत चुकवून सीट गेलेली असेल आणि लेटर तेवढं हातात असेल, तर त्याचा उपयोग नाही.

चाळीस कागदांच्या यादीत कबड्डीची प्रमाणपत्रं आणि सातवीची गुणपत्रिकाही असते. ती काढून टाका. जाड फाइल म्हणजे भक्कम फाइल, हा समज आपल्याकडच्या सरकारी कचेऱ्यांनी लावलेला. कॅनडाचा अधिकारी पडद्यावर वाचतो, त्याच्याकडे वेळ कमी असतो, आणि बिनकामाच्या पानांत कामाचं पान हरवतं.

आमची शेती आहे, ऊस कारखान्याला जातो. पगाराची स्लिप नाही, इन्कम टॅक्सही लागत नाही. पैशांचा पुरावा कसा दाखवायचा? सातबारा चालेल का? — एक शेतकरी वाचक, तालुका वाळवा

आधी आकडा. १ सप्टेंबर २०२५ पासून, क्वेबेक सोडून इतर प्रांतांसाठी, एकट्या विद्यार्थ्याला वर्षाच्या राहण्याखाण्यासाठी २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात. त्याशिवाय पहिल्या वर्षाची फी आणि विमानभाडं. समजा फी १८,००० आहे आणि ९,००० भरून पावती घेतली आहे. मग दाखवायचे राहिले ९,००० अधिक २२,८९५, म्हणजे ३१,८९५ डॉलर आणि वर तिकिटाचे पैसे. पती किंवा पत्नी सोबत जाणार असेल तर २२,८९५ च्या जागी २८,५०२ धरा. ही रक्कम वेळोवेळी वाढते, म्हणून अर्जाच्या आठवड्यात आयआरसीसीच्या साइटवर पुन्हा बघा.

आता सातबारा. तो जोडा, पण त्याला पैसे समजू नका. जमीन फीच्या दिवशी हाताशी येणारी रक्कम नव्हे. कुटुंबाची मुळं इथे आहेत आणि उत्पन्न कुठून येतं, एवढंच तो सांगतो. सीएकडून लाखा-कोटींचं व्हॅल्युएशन करून घेतलं आणि खात्यात तीन लाख असले, तर अर्ज पैशांवरच अडकतो.

पैसे म्हणून जे धरलं जातं ते असं: कॅनडातल्या बँकेत काढलेलं जीआयसी (तिथलं ठेवीचं प्रमाणपत्र), भरलेल्या फीची पावती, बँकेचं मंजूर शैक्षणिक कर्ज, आणि गेल्या चार महिन्यांची खात्याची स्टेटमेंट्स. एसडीएस होतं तेव्हा जीआयसी सक्तीचं होतं. आता नाही, तरी शेतकरी कुटुंबाने ते काढावंच असं आम्ही सांगतो. रक्कम कॅनडातल्या बँकेत गेलेली असते, पोचल्यावर थोडी एकदम आणि बाकी हप्त्याहप्त्याने मिळते, त्यामुळे अधिकाऱ्याला शंका घ्यायला जागा उरत नाही.

तुमच्यासारख्यांच्या फाइलीत घोळ होतो तो खात्यातल्या उड्यांमुळे. वर्षभर चाळीस-पन्नास हजार शिल्लक आणि अर्जाच्या दहा दिवस आधी एकदम पंधरा लाख जमा, असं स्टेटमेंट दिसलं की पैसे दाखवण्यापुरते उसने आणलेत असाच निष्कर्ष निघतो. पैसे खरोखर तुमचेच असतील तर ते कुठून आले याचा कागद त्या नोंदीला लावा. उसाचं बिल असेल तर कारखान्याची हिशोबपट्टी, आणि तीच रक्कम त्याच तारखेला खात्यात जमा झालेली दिसली पाहिजे. एफडी मोडली असेल तर ती बंद केल्याचं बँकेचं पत्र. जमीन विकली असेल तर खरेदीखत आणि इंडेक्स टू. मामाने दिले असतील तर मामाचं सही केलेलं पत्र, नात्याचा पुरावा आणि मामाच्या खात्याचं स्टेटमेंट. नुसतं पत्र पुरत नाही. सोसायटीचं पीककर्ज त्याच खात्यात आलं असेल तर ते शिल्लकीत धरून फुगवू नका, सातबाऱ्यावरच्या ‘इतर हक्क’ रकान्यात तो बोजा दिसतोच.

शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे म्हणून रिटर्न भरायचंच नाही असं नाही. करमुक्त उत्पन्नाच्या रकान्यात ते दाखवून रिटर्न भरता येतं. दोन-तीन वर्षांची अशी रिटर्न्स असतील तर कारखान्याची बिलं आणि बँकेतल्या नोंदी एकमेकींना धरून बोलतात. यंदाच धावपळ करून तीन वर्षांची एकदम भरली, तर तारखांवरून ते कळतंच.

कर्जाच्या बाबतीत ‘तत्त्वतः मंजूर’ असं पत्र कच्चं समजा. पत्रात विद्यार्थ्याचं नाव, सहकर्जदार, कोर्स, संस्था आणि रक्कम हवी. ‘व्हिसा मिळाल्यावर वाटप’ ही अट असली तरी चालतं.

जन्मदाखला, सातबारा, शाळा सोडल्याचा दाखला, सगळं मराठीत आहे. मी स्वतः इंग्रजीची शिक्षिका आहे. मुलीच्या कागदांचं भाषांतर मी करून सही केली तर? — एक वाचक, लातूर

चालणार नाही. अर्जदाराने, घरच्यांनी किंवा त्यांच्या सल्लागाराने केलेलं भाषांतर आयआरसीसी घेत नाही, मग ते कितीही चोख असो. बाहेरच्या भाषांतरकाराकडून करून घ्या. तो कॅनडातला प्रमाणित भाषांतरकार नसेल, आणि आपल्याकडे तो बहुधा नसतोच, तर त्याने नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र करायचं: मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर मुळाबरहुकूम आहे. मूळ कागदाची प्रमाणित प्रत, भाषांतर आणि प्रतिज्ञापत्र या क्रमाने एकाच पीडीएफमध्ये जोडा.

सगळ्यांचं भाषांतर करत बसू नका. ग्रामपंचायतीचा जन्मदाखला बहुतेक मराठी-इंग्रजी दोन्हीत असतो. महाराष्ट्र बोर्डाच्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिका इंग्रजीत असतात. बँकेचं पासबुक देऊच नका. जिल्हा बँक असली तरी शिक्का आणि सही असलेलं इंग्रजी स्टेटमेंट मागून घ्या.

सातबाऱ्यावर मात्र लक्ष ठेवा. डिजिटल सहीचा उतारा महाभूमीच्या साइटवर १५ रुपयांत मिळतो, तोच घ्या. क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं लिहिलेलं असतं. ०.८१.०० म्हणजे ८१ आर, अंदाजे दोन एकर. शहरातला भाषांतरकार ते ‘पॉइंट एट वन एकर’ करून ठेवतो आणि निम्म्याहून जास्त जमीन कागदावरच जाते. सामाईक गट असेल तर सगळ्या खातेदारांची नावं भाषांतरात आली पाहिजेत. पाच भावांची जमीन एकट्या वडिलांची म्हणून दाखवणं ही खोटी माहिती ठरते.

गेल्या वर्षी मुंबईत अमेरिकेचा स्टुडंट व्हिसा नाकारला गेला. एजंट म्हणतो, कॅनडाच्या फॉर्ममध्ये ‘नाही’ लिहा, त्यांना कळत नाही. — एक विद्यार्थिनी, नाशिक

त्यांना कळतं. कॅनडा आणि अमेरिका यांच्यात व्हिसा-अर्जांच्या माहितीची देवाणघेवाण होते. फॉर्ममधला प्रश्न कॅनडापुरता नाही; कुठल्याही देशाने व्हिसा नाकारला आहे का, असं तो विचारतो. ‘हो’ लिहा आणि खाली दोन ओळींत देश, महिना-वर्ष, व्हिसाचा प्रकार आणि दिलेलं कारण. अमेरिकी कायद्याच्या कलम २१४-बी खाली नकार असेल तर तसंच लिहा. या नकाराने कॅनडाचा परमिट आपोआप जात नाही. खोटं लिहिल्याचं सिद्ध झालं तर मात्र इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० खाली पाच वर्षं कॅनडाचं दार बंद. एजंटचं काही जात नाही, सही तुमची असते.

आणि एजंटविषयी एक. पैसे घेऊन कॅनडाच्या अर्जाचं काम करणारा माणूस तिथल्या नियामक संस्थेचा परवानाधारक सल्लागार किंवा वकील असावा लागतो. तसा असेल तर प्रतिनिधीचा फॉर्म भरून घेतो. ‘फॉर्म नको, तुमच्या नावानेच टाकतो’ म्हणणारा स्वतःच्या ई-मेलवर तुमचं खातं उघडतो, आणि काय पाठवलं हे तुम्हाला कधीच दिसत नाही. खातं तुमच्या ई-मेलवर उघडा, पासवर्ड तुमच्याकडे ठेवा, आणि ‘सबमिट’आधी फॉर्मचं पान नि पान वाचा.

पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा आहे, गुणपत्रिकेवर आडनाव-नाव-वडिलांचं नाव असं आहे. काय लिहू? — एक वाचक, अकोला

फॉर्म पासपोर्टप्रमाणे. आडनाव रिकामं असेल तर पासपोर्टवरचं सगळं नाव ‘फॅमिली नेम’मध्ये लिहून ‘गिव्हन नेम’ कोरं सोडायचं. गुणपत्रिकेतला क्रम वेगळा असणं नेहमीचंच, त्यासाठी एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र पुरतं. पासपोर्ट नवा करून आडनाव घालायचं असेल तर ते अॅक्सेप्टन्स लेटरच्या आधी करा. नाहीतर लेटर, पाल आणि जीआयसी तिन्ही बदलून घेत बसावं लागतं. पासपोर्टची मुदतही त्याच वेळी बघा, कारण परमिट पासपोर्टच्या तारखेपलीकडे देत नाहीत.

आयईएलटीएस आणि मेडिकल आधी करावं की नंतर? — एक वाचक, पणजी

परमिटच्या अर्जासाठी इंग्रजीचा ठरावीक स्कोअर आता आयआरसीसी मागत नाही. संस्था मागते, आणि निकाल जोडलेला बरा. शिक्षणानंतरच्या वर्क परमिटसाठी मात्र परीक्षा लागते, आणि तिथे आयईएलटीएसची ‘जनरल’ चालते, ‘अॅकॅडेमिक’ नाही.

मेडिकल अर्जाआधी करता येतं. आयआरसीसीच्या यादीतल्या डॉक्टरकडेच जायचं. फॅमिली डॉक्टरचं सर्टिफिकेट कुणी बघत नाही. डॉक्टर तपासणीचा जो कागद देतो तो अर्जाला जोडायचा. निकाल १२ महिने चालतो. बायोमेट्रिक्स याउलट फी भरून पत्र आल्यावरच, तेही ३० दिवसांत, व्हिसाच्या अर्जांचं काम बघणाऱ्या व्हीएफएस कंपनीच्या केंद्रावर. घरात लग्न असेल तर तारीख बघून घ्या. बोटांच्या टोकांवर ताजी मेंदी किंवा कापल्याची जखम असली की ठसे नीट येत नाहीत.

स्कॅन केलेले कागद अपलोडच होत नाहीत. — एक विद्यार्थी, पिंपरी

एका फाइलला ४ एमबीची मर्यादा आहे आणि एका रकान्यात एकच फाइल जाते. म्हणून एका विषयाचे सगळे कागद एका पीडीएफमध्ये, पहिल्या पानावर यादी. रंगीत फोटोसारखं स्कॅन न करता करड्या रंगात, १५० डीपीआयच्या आसपास करा, पण शिक्के वाचता आले पाहिजेत. हेतुपत्र ‘क्लायंट इन्फर्मेशन’च्या रकान्यात. दीड पान पुरे: हाच कोर्स का, आधीच्या शिक्षणाशी किंवा नोकरीशी त्याचा धागा काय, मधल्या गॅपमध्ये काय केलं, पैसे कुठले. बीकॉम झालेला मुलगा हॉटेल मॅनेजमेंटच्या डिप्लोमाला का निघालाय, हे त्या पत्रात नसेल तर नकारात ‘भेटीचा हेतू’ हे कारण येतं. मातृभूमीवरच्या प्रेमाचे परिच्छेद गाळा.

मंजुरी आली! आता विमानात कोणते कागद हाताशी ठेवू? — एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

अभिनंदन. पासपोर्टवर व्हिसा लागतो तो फक्त प्रवेशाचा. खरा परमिट कॅनडाच्या विमानतळावर छापून मिळतो. केबिन बॅगेत मंजुरीचं पत्र, अॅक्सेप्टन्स लेटर, पाल आणि पैशांचे पुरावे ठेवा. चेक-इन बॅगेत टाकलेत तर ऐन काउंटरवर ते हाताशी नसतात.

परमिट हातात आला की काउंटर सोडण्याआधी वाचा: नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, संस्थेचं नाव, शेवटची तारीख, आणि कॅम्पसबाहेर कामाची परवानगी देणारी ओळ. मुदत साधारणपणे कोर्स संपल्यानंतर ९० दिवसांपर्यंत असते. काही चुकलं असेल तर त्याच अधिकाऱ्याला तिथेच दाखवा. बाहेर पडल्यावर त्याच दुरुस्तीसाठी वेगळा अर्ज करून वाट बघावी लागते, आणि ती ओळ नसेल तर तोवर कॅम्पसबाहेर कामाला लागताना अडचण येते.