मान आणि कीर्तीचे नियम: सुरुवात कुठून करायची
तू स्वतःचा टेबलटॉप भूमिका-खेळ (आरपीजी, ज्यात खेळाडू गोष्टीतली पात्रं साकारतात) रचत असशील आणि त्यात मान-कीर्तीचे नियम हवे असतील, तर आधी एक पक्कं कर: मान आणि कीर्ती हे पात्राचे दोन वेगळे आकडे. पात्र आपल्या शब्दाला किती जागतं तो मान. किती लोकांनी त्याचं नाव ऐकलंय ती कीर्ती. कुख्यात दरोडेखोराची कीर्ती ८ आणि मान १ असू शकतो, आणि खरी मजा तिथेच आहे. 'लेजंड ऑफ द फाइव्ह रिंग्ज' या सामुराईंच्या भूमिका-खेळातही दोन्ही वेगळे मोजतात.

नवखे सगळ्यात जास्त फसतात ते इथे: आकडा वर-खाली होतो, पण खेळात त्याने काहीच बदलत नाही. कीर्ती दोन असो की आठ, वेशीवरचा पहारेकरी तसाच वागतो. मग आकडा लिहून ठेवायचीही कुणी तसदी घेत नाही. म्हणून पायऱ्यांना ठोस परिणाम जोड. कीर्ती ३ : सराईवाला उधार देतो. कीर्ती ६ : वेषांतर करूनही ओळखले जाण्याचा धोका, फासा टाकावाच लागतो. (फायद्याबरोबर डोकेदुखी हवीच.)

आणखी दोन:
- मान कुणाच्या नजरेतला, ते लिही. दरबाराची मोजपट्टी चोरांच्या टोळीत चालत नाही.
- मान घटणार असेल तर कृतीआधीच खेळाडूला सांग. नंतर कापलास तर वाद अटळ.

अफवा, काळाबरोबर ओसरणारी कीर्ती वगैरे सध्या बाजूलाच ठेव. शून्य ते दहाची पट्टी घे आणि पुढच्याच बैठकीत खेळवून बघ.