देवाने क्षमा केली, मग पंचांना सांगायलाच हवं का?

प्रश्न एका ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) खजिनदाराचा. पंच म्हणजे मंडळीच्या कमिटीतली माणसं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) पत्नीच्या ऑपरेशनच्या वेळी त्यांनी इमारत निधीतून आधी 30,000 रुपये 'तात्पुरते' उचलले, ते वहीत हातातली शिल्लक म्हणून दिसत राहिले. मग आणखी 15,000 घेतले आणि छपराच्या पत्र्यांचं खोटं व्हाउचर लावलं. दोन वर्षं झाली. रडून प्रार्थना केली, क्षमा मिळाली असा विश्वासही आहे. तरी प्रभुभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या) रविवारी छाती धडधडते. "देवाने माफ केलंय ना, मग घराची अब्रू चव्हाट्यावर कशाला?"

यावर त्यांनी आपल्यापुरता तोडगा काढला होता: दर रविवारी दानाच्या थैलीत निनावी जादा पाकीट. बरेच जण हेच करतात आणि इथेच फसतात. पाकिटातले पैसे सर्वसाधारण दानात जमा होतात. इमारत निधीतली तूट जशीच्या तशी, व्हाउचर फाइलमध्ये तसंच, आणि कमिटीला वाटतं यंदा दान वाढलं. बोचणी तेवढी आठवडाभर थांबते.

बायबलमधल्या लेवीय 6 मध्ये दोन्ही गोष्टी सांगितल्या आहेत: देवापुढे दोषार्पण (अपराधाबद्दलचं अर्पण), आणि ज्याचं घेतलं त्याला पूर्ण रक्कम अधिक पाचवा हिस्सा. एकाने दुसरं फिटत नाही. गणना 5 मध्ये यासोबत पापाची कबुलीही आहे. येशूला भेटलेला जकातदार जक्कय तर आपणहून चौपट द्यायला निघाला. पाचवा हिस्सा आज नियम म्हणून कुणावर लादू नये, पण तो धरला की 'व्याज लावू की नको, किती लावू' ही मनातली घासाघीस संपते. यांच्या बाबतीत 45,000 अधिक 9,000, म्हणजे 54,000. दरमहा 4,500 प्रमाणे बारा हप्ते. निनावी पाकिटांची रक्कम यातून आपली आपण वजा करायची नाही. ती कागदावर वेगळी लिहायची, धरायची की नाही ते कमिटी ठरवेल.

सांगण्याचा क्रम महत्त्वाचा. आधी पत्नीला, कारण तिला यातलं काहीच माहीत नव्हतं आणि हप्ते घरखर्चातूनच जाणार होते. मग वकिलाला. मंडळीचा ट्रस्ट 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेला असेल, तर हिशेब ऑडिट होऊन धर्मादाय आयुक्तांकडे जातात. पंचांनी माफ केलं म्हणून विषय तिथेच मिटेल असं नाही. हे आधी कळलेलं बरं. त्यानंतर पाळक (मंडळीचे धर्मगुरू) आणि एक पंच, दोघे एकत्र. एकट्या पाळकांना सांगितलं तर ओझं त्यांच्या डोक्यावर जातं आणि गोष्ट दाबली जाण्याची शक्यता वाढते.

सोबत एक कागद: तारखा, रकमा, कोणता निधी, व्हाउचर नंबर. ऑपरेशनचा उल्लेख शेवटच्या ओळीत. कारण आधी आलं की ऐकणाऱ्याला गलबलून येतं, "जाऊ द्या भाऊ" होतं, आणि हिशेब राहूनच जातो.

त्यांना रविवारी उभं राहून सगळ्यांसमोर साक्ष द्यायची होती. त्याला नको म्हटलं. "माझ्याकडून चुका झाल्या" अशी मोघम साक्ष टाळ्या मिळवते, वही मात्र तशीच राहते. मंडळीला किती आणि कधी सांगायचं, ते आता पंचांच्या हातात.

(लहानपणी दुकानातून उचललेल्या पेन्सिलीपायी वर्षानुवर्षं झोप न लागणं हा वेगळा त्रास. तिथे कबुल्या वाढवत नेल्या की तो वाढतोच.)

खजिनदारपद सोडायचं, मंडळी नाही. पुढच्या खजिनदारासाठी पंचांना सुचवलं: दान दोघांनी मोजायचं, दोघांच्या सह्या, दुसऱ्या दिवशी बँकेत भरणा. प्रेषित पौलानेही दानाची रक्कम नेताना सोबत माणसं घेतली होती, कुणाला बोट ठेवायला जागा नको म्हणून (2 करिंथ 8).

पाळकांनी मायेपोटी राजीनाम्यात 'प्रकृतीच्या कारणामुळे' असं लिहायला सुचवलं. ते खोडायला लावलं. "हिशेबातील माझ्या गैरव्यवहारामुळे राजीनामा देत आहे, तपशील कमिटीला दिला आहे" एवढं लिहिलं की पुरे.