४, ७, १० आणि १३ वर्षांच्या चार मुलांना घरीच कसं शिकवावं? वेळापत्रक कसं बसवावं?

चार इयत्तांची चार वेळापत्रकं लावू नका. बहुतेक घरांत गाडी तिथेच अडते: दुपारपर्यंत आई दमते आणि धाकटं रडायला लागतं.

वेगळं शिकवायचं ते फक्त गणित आणि भाषा (वाचन-लेखन), तेही वयानुसार नाही तर प्रत्येकाला जिथवर येतं तिथून पुढे. सकाळी सुरुवात धाकट्यापासून करा. त्याला आधी १५ मिनिटं पूर्ण लक्ष मिळालं की तो मणी-ठोकळ्यांत रमतो. मग ७ आणि १० वर्षांच्यांना प्रत्येकी २५ मिनिटं. तेरा वर्षांच्या मुलाने आदल्या दिवशी ठरवलेलं काम स्वतः करावं, तुम्ही शेवटी तपासा. त्याला धाकट्या भावंडांचा रोजचा शिक्षक मात्र करू नका, त्याचाच अभ्यास मागे पडतो.

विज्ञान, इतिहास, भूगोल सगळ्यांना एकत्र. पावसाळ्यात उभ्या बाजूंची, सपाट तळाची बरणी अंगणात ठेवा (निमुळती चालत नाही, माप चुकतं). धाकटा पाणी दाखवेल, सात वर्षांचा पट्टीने मिलिमीटर मोजून लिहील, दहाचा स्तंभालेख काढेल, थोरला आठवड्याची सरासरी काढून नकाशात पर्जन्यछायेचा (डोंगराआडचा, कमी पावसाचा) प्रदेश शोधेल.

बालभारतीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. दहावीसाठी एनआयओएसला (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, शाळेत न जाता इथून परीक्षा देता येते) किमान वय १४ लागतं, म्हणजे थोरल्याचे विषय आत्ताच ठरवायला घ्या. राज्य मंडळाकडून बसायचं असेल तर खाजगी विद्यार्थी म्हणून १७ नंबरचा फॉर्म भरतात.