वाचनालयाच्या भिंतीवर आपले काय मांडावे?

अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका नाशिककर दांपत्याने विचारले आहे की, त्यांच्या तेथील गावातील सार्वजनिक वाचनालयाने मे महिन्यात निरनिराळ्या समाजांच्या वारशाचे कलाप्रदर्शन योजले असून मराठी मंडळींना एक भिंत व एक काचेचे कपाट देऊ केले आहे. तेव्हा पैठणी, देव्हाऱ्यातील जुनी मूर्ती, पणजोबांची हस्तलिखित पोथी, तांब्याची भांडी आणि मुलांनी काढलेली वारली चित्रे असे सारे नाशिकहून मागवून मांडावे काय?

सारे मांडू नये, आणि त्यांतील दोन वस्तू तर नाशिकहून हलवूच नयेत. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती अथवा चित्र आणि ऐतिहासिक, वाङ्मयीन वा कलात्मक मोल असलेली पंचाहत्तर वर्षांहून जुनी हस्तलिखिते ही पुरावस्तूंविषयीच्या 1972 च्या केंद्रीय कायद्याच्या कक्षेत येतात, आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाहीत. ‘आमच्याच घरची आहे’ हे उत्तर विमानतळावर चालत नाही. वस्तू तितकी जुनी नसावी असे वाटत असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तसे प्रमाणपत्र आधी घ्यावे. पोथीच्या दोन पानांचे उत्तम छायाचित्र मोठ्या आकारात छापून लावले, तर पाहणाऱ्याला मूळ पोथीपेक्षा ते अधिक नीट वाचता येते.

पैठणी अवश्य ठेवा. पैठणी विणणारे येवला आपल्याच जिल्ह्यात आहे, त्यामुळे तिच्याविषयी तुम्ही अधिकाराने बोलू शकता. परंतु ती टाचण्यांनी भिंतीवर ताणून लावू नका. रेशमाचा रंग उजेडाने उडतो आणि उडालेला रंग परत येत नाही. म्हणून संग्रहालये रेशमी वस्त्रांवर साधारण 50 लक्सपेक्षा अधिक प्रकाश पडू देत नाहीत, तर वाचण्यासाठी उजळलेल्या दालनात याच्या कित्येक पट प्रकाश असतो. कपाट खिडकीसमोर असेल तर जागा बदलून मागा, नाहीतर आठवडाभरच साडी ठेवून पुढे तिचे छायाचित्र ठेवा. घडीच्या रेषेवर जरीचे धागे तुटतात, यासाठी साडी मऊ सुती कापड गुंडाळलेल्या जाड नळीवर घ्यावी. पदराची उलटी बाजूही दिसेल अशी मांडणी केल्यास फार चांगले, कारण हातमागावर विणताना बाण्याचे, म्हणजे आडवे, रंगीत धागे एकमेकांत अडकवीत नेतात आणि त्यामुळे पदरावरील मोर किंवा मुनिया दोन्ही बाजूंनी सारखीच स्वच्छ दिसते. हे डोळ्यांनी पाहिल्यावर विणकराचे कसब समजावून सांगण्यासाठी लांबलचक मजकूर लिहावा लागत नाही.

वारली चित्रांविषयी मात्र थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. परदेशातील आपल्या जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमात ही चित्रे ‘आमची पारंपरिक कला’ म्हणून लागतात. ती महाराष्ट्राची आहेत हे खरे, पण प्रथम ती वारली समाजाची आहेत. डहाणू-तलासरीकडच्या पाड्यांवर लग्नाच्या वेळी सवाशिणी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक, म्हणजे लग्नाचा पवित्र चौकोन, लिहीत आणि त्यात पालघट देवीची स्थापना होई. कागदावर आणि जगभर ही चित्रे नेण्यात जिव्या सोमा मशे यांचा मोठा वाटा होता. त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली आणि 2018 मध्ये त्यांचे निधन झाले. तुमच्या मुलांनी काढलेल्या चित्रांखाली ‘वारली पद्धतीने केलेला सराव’ असे लिहा, आणि शेजारी एखाद्या वारली चित्रकाराकडून रीतसर विकत घेतलेले चित्र त्याचे नाव व गाव यांसह लावा. निरनिराळ्या समाजांचा वारसा म्हणून भरणाऱ्या प्रदर्शनात आपल्यातील एका समाजाचे नाव आपणच पुसून टाकणे योग्य ठरणार नाही.

मग तुमच्या घरचे असे काय उरते? माझ्या मते चैत्रांगण. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत अंगणात रेखाटली जाणारी ही रांगोळी, तिच्यातील पाळण्यातली गौर, तुळशीवृंदावन, गोपद्मे, शंख, कासव, आंब्याचे झाड, करंडा-फणी, हे सारे नाशिकच्या जुन्या वाड्यांतील बायका हातच्या सवयीने काढीत आल्या आहेत, आणि तुमच्या आईला किंवा सासूबाईंना ते आजही येत असेल. काळ्या जाड कागदावर पांढऱ्या रंगाने त्यांच्याकडून ते काढून घ्यावे, प्रत्येक चिन्हाचा अर्थ त्यांनाच विचारावा आणि ‘चित्र व माहिती’ म्हणून त्यांचे नाव घालावे. त्याला विमा, परवाना, प्रमाणपत्र काहीही लागत नाही.

पाटीवर मराठी नाव मोठ्या देवनागरी अक्षरांत आणि खाली स्थानिक भाषेत पाच-सहा ओळी पुरेत. किमती लिहिण्यापूर्वी वाचनालयाचे नियम पाहा. बहुतेक ठिकाणी विक्रीला मुभा नसते आणि नुकसानीची जबाबदारी मांडणाऱ्यावर असते. अमेरिकेतील ग्रंथालय संघटनेने 1939 मध्ये स्वीकारलेल्या हक्कपत्राच्या आजच्या रूपात, प्रदर्शनाची जागा सर्वांना समान तत्त्वावर मिळावी असे म्हटले आहे. म्हणजे तुम्हाला ती मागण्यात संकोच नको, आणि शेजारच्या भिंतीवर कोण असावे याविषयी तक्रारही नको.

वाचन आणि पाहणे एकाच छताखाली असणे नाशिककरांना नवे नाही. 1840 मध्ये स्थापन झालेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथांच्या जोडीला वस्तुसंग्रहालयही आहे. म्हणून कपाटाशेजारी वस्त्रकला, आदिवासी कला आणि महाराष्ट्र या विषयांवरची तुमच्या तेथील वाचनालयातीलच पुस्तके मांडून ठेवण्याची विनंती ग्रंथपालांना करा, आणि एखाद्या शनिवारी येणाऱ्यांना स्वतः चैत्रांगणातील चिन्हे काढता यावीत अशी बैठक ठरवा. त्यासाठी खोलीची मागणी भिंतीच्या अर्जाबरोबरच द्या, कारण मे महिना अमेरिकेत आशियाई वारशाचा महिना म्हणून पाळला जातो आणि त्यातील शनिवारांसाठी इतर मंडळांचेही अर्ज येणारच.