इलेक्ट्रॉन केंद्रकात का कोसळत नाही?

अणूचे सूर्यमालेसारखे चित्र आधी मनातून काढून टाका, कारण ते खरे असते, तर फिरणारा इलेक्ट्रॉन प्रारणाच्या (प्रकाशासारख्या लहरींच्या) रूपाने ऊर्जा गमावत सेकंदाच्या अब्जांशाहूनही कमी वेळात केंद्रकावर आदळला असता. भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांनी १९१३ मध्ये ठरावीक कक्षांचा नियम घालून दिला. तो उपयोगी पडला, पण त्यातून ‘का’ सुटत नाही, म्हणून तिथे फार रेंगाळू नका.

त्याऐवजी कागद घ्या आणि हे गणित स्वतः करा. हायड्रोजनच्या किमान ऊर्जेच्या अवस्थेत इलेक्ट्रॉनची सरासरी गतिज ऊर्जा १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूंच्या पातळीवरील ऊर्जेचे एकक) आणि स्थितिज ऊर्जा उणे २७.२, म्हणजे बेरीज उणे १३.६ असते. इलेक्ट्रॉन हा ठिपका नसून केंद्रकाभोवती पसरलेला तरंग आहे असे समजा. आता हा तरंग दाबून निम्म्या आकाराचा केला, तर स्थितिज ऊर्जा दुपटीने खाली जाऊन उणे ५४.४ होते, परंतु जागा आकसली की संवेगाची (वस्तुमान गुणिले वेग) अनिश्चितता वाढते, म्हणजे सरासरी वेगही वाढतो, त्यामुळे गतिज ऊर्जा चौपट, म्हणजे ५४.४ होते आणि बेरीज शून्यावर येते. उलट आकार दुप्पट केल्यास बेरीज उणे १०.२ होते. दोन्हीकडे ऊर्जा वाढतेच, आणि याहून खालची अवस्था नसल्यामुळे प्रारणाने गमावण्यासारखे इलेक्ट्रॉनकडे काही उरत नाही.

‘इलेक्ट्रॉन केंद्रकात कधीच नसतो’ असे मात्र लिहू नका, ही चूक मला फार खटकते. या अवस्थेत तो तिथे सापडण्याची शक्यता अत्यल्प असली, तरी शून्य नसते. पोटॅशियम-४० चे केंद्रक तर कधीकधी आतला इलेक्ट्रॉन ग्रहण करून आर्गॉन-४० बनते.