वाचकांचे प्रश्न : स्टीव्हन्सन महंमद अलीशी का लढला नाही?

प्रश्न : क्यूबाचा मुष्टियोद्धा तिओफिलो स्टीव्हन्सन याने ऑलिम्पिकमध्ये तीन सुवर्णपदके मिळवली. मग तो व्यावसायिक मुष्टियुद्धाकडे का वळला नाही? त्याची अलीशी लढत झाली असती, तर कोण जिंकले असते? (एक वाचक, सांगली)

उत्तर : क्रांतीनंतर, १९६०च्या दशकाच्या आरंभीच, क्यूबाने व्यावसायिक खेळांवर बंदी घातली होती; त्यामुळे पैशासाठी लढायचे, तर देश कायमचा सोडावा लागे. स्टीव्हन्सनला अमेरिकेतून लक्षावधी डॉलर देऊ करण्यात आले, परंतु क्यूबाच्या जनतेच्या प्रेमापुढे या पैशाची काय मातब्बरी, अशा आशयाचे उत्तर देऊन त्याने ते नाकारले. हे उत्तर पढवलेले होते, असे म्हणणारे आहेत. मला मात्र ते मनापासूनचे वाटते, कारण दीड दशक परदेशी स्पर्धांना जाऊनही तो दर वेळी मायदेशी परतला.

त्याचे सामर्थ्य पाहायचे असेल, तर १९७२च्या म्युनिक ऑलिम्पिकमधील अमेरिकेच्या डुएन बॉबिकविरुद्धची लढत पाहावी. आदल्याच वर्षी पॅन अमेरिकन स्पर्धेत बॉबिकने त्याला गुणांवर हरवले होते. त्यानंतर स्टीव्हन्सनने डाव्या हाताच्या जॅबवर, म्हणजे हात झटकन पुढे करून मारायच्या सरळ ठोशावर, कसून मेहनत घेतली. म्युनिकमध्ये त्याच जॅबने तो बॉबिकला अंतरावर रोखत राहिला आणि तिसऱ्या फेरीत, वाट मोकळी दिसताच, त्याचा उजवा सरळ ठोसा असा बसू लागला, की बॉबिक पुन्हा पुन्हा खाली कोसळला आणि पंचांना लढत थांबवावी लागली. पुढे १९७६ला माँट्रियल आणि १९८०ला मॉस्को येथेही सुवर्णपदक त्याचेच होते.

अलीशी लढतीची बोलणी १९७०च्या दशकात झाली, पण ती फिसकटली. त्या काळी हौशी लढत तीन मिनिटांच्या तीनच फेऱ्यांची असे, तर व्यावसायिक जगज्जेतेपदाची लढत पंधरा फेऱ्यांची. प्रतिस्पर्ध्याला दमवून उत्तरार्धात गाठणे ही अलीची हातोटी होती. १९७४मध्ये किन्शासा येथे त्याने जॉर्ज फोरमनला आठव्या फेरीत असेच लोळवले. म्हणून तीन फेऱ्यांत मी स्टीव्हन्सनला झुकते माप देईन, पंधरा फेऱ्यांत मात्र अलीला.

माझ्या मते, या न झालेल्या लढतीपेक्षा १९८४चे लॉस एंजेलिस ऑलिम्पिक अधिक चुटपुट लावते. क्यूबाने त्यावर बहिष्कार टाकला आणि सुपर हेवीवेट या सर्वांत वजनदार गटाचे सुवर्णपदक अमेरिकेच्या टायरेल बिग्जला मिळाले. त्याच बिग्जला स्टीव्हन्सनने त्याच वर्षाच्या सुरुवातीला हरवले होते. १९८२च्या जागतिक स्पर्धेत इटलीच्या फ्रान्चेस्को दामियानीकडून पराभव झाल्यावर त्याचा काळ सरला, असे अनेकांनी गृहीत धरले होते. तरीही १९८६मध्ये, वयाच्या ३४व्या वर्षी, अमेरिकेतील रीनो येथे त्याने तिसऱ्यांदा जागतिक विजेतेपद पटकावले.